नकाशावरची निळी रेघ आणि जंगली ब्राउन ट्राउट : फील्डसाठी ओढा शोधायचा कसा?

"पंचगंगेतले मासे संपले होते का रे, म्हणून तिकडं अमेरिकेत जाऊन मासे धरतोयस?" आईचा हा प्रश्न फोनवर अजूनही अधूनमधून येतो. तिला मी सांगतो, की मासे धरणं हे कामाचं शेवटचं टोक आहे. त्याआधीचं काम म्हणजे मासा जिथे असेल तो ओढा शोधणं. माझ्या पीएचडीचं पहिलं वर्ष यातच गेलं, आणि त्यातलं निम्मं चुकीच्या ओढ्यांवर गेलं.

तुमच्यापैकी बरेच जण आता प्रपोजल लिहीत असतील. त्यात 'स्टडी एरिया' नावाचा एक परिच्छेद असतो. बहुतेक वेळा तो सगळ्यात शेवटी, नकाशा चिकटवून उरकला जातो. मीही तसंच केलं होतं. म्हणून आज फक्त एवढ्यावरच बोलू : संशोधनासाठी ओढा निवडायचा कसा? उदाहरण माझंच घेतो. मासा ब्राउन ट्राउट, ठिकाण विस्कॉन्सिन राज्याचा नैर्ऋत्य भाग. तुमचा विषय बेडूक असो, देवराई असो की शहरातली कचराकुंडी. पायऱ्या बऱ्याचशा याच असतात.

आधी शब्द पक्का करा : 'जंगली' म्हणजे काय?

ब्राउन ट्राउट (साल्मो ट्रुटा) हा मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या थंड पाण्याचा मासा. १८८३ मध्ये जर्मनीतल्या फॉन बेहर यांनी त्याची अंडी न्यूयॉर्कमध्ये फ्रेड मॅथर यांच्याकडे पाठवली. १८८४ मध्ये मिशिगन राज्यातल्या पेर मार्केट नदीच्या खोऱ्यात पिल्लं सोडली गेली, आणि पुढे हा मासा अमेरिकाभर पसरला. आपल्याकडेही इंग्रजांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये आणि नंतर हिमाचलमध्ये आणला. तीर्थन नदीत तो आजही आहे.

म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये हा मासा पाहुणा आहे. इथला घरचा मासा ब्रुक ट्राउट. त्याच्या शास्त्रीय नावातला 'फॉन्टिनॅलिस' म्हणजे 'झऱ्यांचा'. मग पाहुण्याला 'जंगली' कसं म्हणायचं? तर इथे जंगली याचा अर्थ एवढाच, की तो मासा त्याच ओढ्यात अंड्यातून बाहेर आला आणि तिथेच वाढला. हॅचरीच्या हौदात वाढवून टँकरने आणून सोडलेला नाही. तेव्हा 'देशी' आणि 'जंगली' हे दोन वेगळे शब्द आहेत. एखादा मासा जंगली असून परका असू शकतो, आणि देशी जातीचा असूनही हौदातला असू शकतो.

हे शब्दांचे खेळ वाटतील. पण माझा प्रश्न होता, 'ओढ्याचं तापमान वाढलं तर ट्राउटची संख्या बदलते का?' दर वसंतात वरून मासे ओतले जात असतील, तर संख्या तापमानाने ठरत नाही, टँकरच्या फेऱ्यांनी ठरते. शब्द पक्का केला नसता तर सगळं गणित वाया गेलं असतं.

थंड पाणी येतं कुठून?

ट्राउटची पहिली अट गारवा. ब्राउन ट्राउटची वाढ साधारण १३-१४ अंश सेल्सिअसला उत्तम होते. २० च्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि पाणी बराच वेळ २५ च्या आसपास राहिलं तर तो मरतो. इथे जुलैत हवा ३० अंशांच्या वर जाते. मग ओढा गार राहतो कसा?

उत्तर तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. गावाकडच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं. ते बदलत नसतं, आपल्या भोवतालची हवा बदलत असते. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं राहतं. विस्कॉन्सिनच्या या भागात झऱ्यांचं पाणी ९-१० अंशांच्या आसपास असतं. सह्याद्रीतला झरा कितीही स्वच्छ असला तरी त्यात ब्राउन ट्राउट जगणार नाही, त्याचं कारणही हेच. आपल्याकडची वर्षाची सरासरीच पंचविशीच्या आसपास. प्रश्न स्वच्छतेचा नाही, गारव्याचा आहे.

या भागाला 'ड्रिफ्टलेस एरिया' म्हणतात. शेवटच्या हिमयुगात आजूबाजूचा प्रदेश बर्फाखाली सपाट झाला, हा तुकडा वाचला. त्यामुळे इथे खोल दऱ्या आहेत आणि वालुकाश्म व चुनखडीसारख्या खडकांचे थर आहेत. माथ्यावर पडलेला पाऊस या थरांतून झिरपतो आणि दरीच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतो. तेव्हा ट्राउट शोधायचा म्हणजे खरं तर झरे शोधायचे.

पण झरा कायमचा नसतो. १९३० च्या सुमाराला इथली माती वाहून चालली होती. डोंगरउतार नांगरलेले, कुरणं चरून संपलेली, पाऊस पडला की ओढ्याला गढूळ पूर. १९३३ मध्ये इथल्या कून क्रीक खोऱ्यात अमेरिकेतला पहिला मृदसंधारणाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. समतल रेषेवर पट्टापेरणी, उतारावर झाडं, गुरांना चराईबंदी. हिवरे बाजारची गोष्ट वाचलेल्या माणसाला यात काहीच नवीन वाटणार नाही. पाणी पळायचं थांबलं, मुरायला लागलं, आणि पुढच्या काही दशकांत ओढ्यांचा उन्हाळी प्रवाह वाढला. त्याच खोऱ्यातला टिंबर कूली हा ओढा आज जंगली ब्राउन ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे ओढ्यातला मासा मोजताना तुम्ही वरच्या शेताचा इतिहासही मोजत असता.

घरबसल्या करायचं काम

फील्डला जायच्या आधी टेबलावर तीन थर एकमेकांवर ठेवा.

पहिला थर भूरचनेचा. उंचसखल नकाशावर दरीच्या कडा जवळजवळ कुठे येतात, खडकाचा थर कुठे बदलतो आणि नोंदलेले झरे कुठे आहेत ते बघा. दोन थरांच्या सांध्यावर झरे जास्त सापडतात.

दुसरा थर सरकारी वर्गवारीचा. विस्कॉन्सिनचा नैसर्गिक संसाधन विभाग ट्राउटच्या ओढ्यांचे तीन वर्ग करतो. पहिल्या वर्गात मासे स्वतःच पुरेसे वाढतात, बाहेरून सोडावे लागत नाहीत. दुसऱ्यात थोडी पैदास होते, पण भर घालावी लागते. तिसऱ्यात पैदास होतच नाही, सगळे मासे सोडलेले. जंगली मासा हवा तर पहिल्या वर्गापासून सुरुवात करा. पण हा वर्ग कधी ठरवला गेला तेही बघा. जुना सर्व्हे हा जुन्या ओढ्याचा असतो.

तिसरा थर मासे सोडल्याच्या नोंदींचा. हा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. कुठल्या वर्षी, कुठल्या ओढ्यात, किती लांबीचे मासे सोडले, हे वाचल्याशिवाय 'जंगली' हा शब्द लिहू नका.

थर्मामीटर एकदा बुडवून भागत नाही

आता माझी चूक. पहिल्या उन्हाळ्यात मी नकाशावरून अठरा ओढे निवडले. जूनमध्ये प्रत्येक ओढ्यावर गेलो, थर्मामीटर बुडवला, आकडा वहीत लिहिला. १४, १५, १६. सगळे गार! गाईडना ईमेल केला, साईट ठरल्या म्हणून. त्यांनी एका ओळीत विचारलं : किती वाजता मोजलंस?

मी सकाळी सात ते दहा या वेळेत फिरत होतो, कारण दुपारी ऊन लागतं. मला ऊन लागत होतं तसं ओढ्यालाही लागत होतं, हे काही डोक्यात आलं नाही. जुलैत लॉगर बसवले तेव्हा निम्म्याहून जास्त ओढे दुपारी २३-२४ अंशांवर जाऊन येत होते. रात्रीच्या गारव्याने सकाळी त्यांचा आकडा छान दिसायचा, इतकंच. त्या सगळ्या साईट गेल्या. त्यांच्यावर घातलेले दोन महिने गेले. आणि फील्ड सीझन वर्षातून एकदाच येतो.

म्हणून असं करा. तापमानाचा लॉगर दर अर्ध्या तासाला नोंद घेईल असा लावा आणि निदान पूर्ण जुलै राहू द्या. बसवण्याआधी सगळे लॉगर बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून शून्य दाखवतात का ते तपासा. त्यावर थेट ऊन पडू देऊ नका. भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपच्या तुकड्यात घाला, नाहीतर तुम्ही पाणी नाही तर ऊन मोजाल. ओढ्याच्या मुख्य धारेत लावा, झऱ्याच्या तोंडाशी नको. विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी मांडलेल्या वर्गवारीत जुलैची सरासरी १७.५ अंशांच्या खाली असेल तर तो 'थंड पाण्याचा' ओढा, आणि २१ च्या वर गेली तर 'उबदार'. मधल्या पट्ट्यातले ओढे 'संक्रमणातले'. तापमानवाढीचा प्रश्न विचारायचा असेल तर खरी गंमत या मधल्या पट्ट्यातच आहे, हेही मला उशिरा कळलं.

एक सोपी युक्तीही आहे, आणि ती मला इथल्या जुन्या गळवाल्यांनी शिकवली. जानेवारीत, हवा उणे १५-२० अंश असताना गाडी काढायची आणि पूल बघत फिरायचं. उबदार ओढे गोठून पांढरे झालेले असतात. झऱ्याचा ओढा उघडा वाहतो, त्यावर वाफ असते आणि कडेला वॉटरक्रेस भर थंडीत हिरवी दिसते. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं ना, तेच.

ओढ्यावर काय बघायचं?

गारवा पुरेसा नाही. ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूच्या शेवटी, इथे मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शेपटीने खडीत खड्डा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. अंडी थंडीभर खडीच्या फटींत राहतात. त्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तर प्राणवायू मिळतो, गाळ बसला तर अंडी गुदमरतात. तेव्हा खळाळत्या भागात खाली वाका, मूठभर खडी उचला. स्वच्छ वाटाण्या-लिंबाएवढी खडी असेल तर चांगलं. हात घातल्यावर गढूळ ढग उठला तर वर कुठेतरी माती सुटतेय.

मग डोह आणि आडोसा बघा : पाण्याने खालून पोखरलेला काठ, पडलेलं झाड, लोंबणारं गवत. आणि एखादा दगड उलटा करा. खाली मेफ्लाय, कॅडिसफ्लायच्या अळ्या भरपूर असतील तर माशाचं जेवण तयार आहे आणि पाण्याची तब्येतही ठीक आहे.

मासे हाती लागले, की वेगवेगळ्या लांबीचे आहेत का ते बघा. उन्हाळ्याच्या शेवटी बोटाएवढी पिल्लं, मधले आणि मोठे असे सगळे असतील, तर पैदास तिथेच होत असण्याची शक्यता मोठी. सगळे एकाच लांबीचे असतील तर टँकर आठवा. हौदात वाढलेल्या माशांचे पर बरेचदा झिजलेले असतात. पण हे इशारे आहेत, पुरावे नाहीत. कारण पिल्लंसुद्धा सोडली जातात. म्हणून पुन्हा नोंदींकडे.

परवानगी हा पण संशोधनाचा भाग आहे

विस्कॉन्सिनमध्ये पाणी सगळ्यांचं मानतात. नाव जाऊ शकेल अशा कुठल्याही ओढ्यात तुम्ही सार्वजनिक पुलावरून उतरून चालू शकता, फक्त पाय पाण्यात हवेत. काठावर चढलात की ती खाजगी जमीन. पण इथे एक मेख आहे : पाणी सगळ्यांचं, तरी ओढ्याचा तळ काठावरच्या मालकाचा. लॉगरची सळई तळात ठोकायची म्हणजे मालकाला विचारणं आलंच. गळाने मासा धरायला परवाना आणि ट्राउटचा वेगळा स्टॅम्प लागतो, आणि अंडी घालायच्या काळात हंगाम बंद असतो. विजेच्या यंत्राने मासे क्षणभर बधिर करून मोजायचे, म्हणजे इलेक्ट्रोफिशिंग करायचं, तर राज्याचा वेगळा परवाना आणि विद्यापीठाच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी. या कागदांना महिने लागतात. प्रपोजलच्या वेळापत्रकात ते धरा.

आणि बूट धुवा. गंमत नाही करत. मॅडिसनजवळच्या ब्लॅक अर्थ क्रीकमध्ये २०१३ मध्ये न्यूझीलंडची चिखल-गोगलगाय सापडली. ती तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी नसते आणि बुटाच्या खाचेत बसून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. एका दिवसात चार ओढे फिरणारा संशोधक हा तिच्यासाठी फुकटची एसटी आहे.

'मिळाला नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

तुम्ही ओढ्यावर गेलात, दोन तास घालवले, मासा दिसला नाही. वहीत काय लिहाल? 'ट्राउट नाही' असं लिहिलंत तर चूक. 'ट्राउट आढळला नाही' असं लिहा. फरक आकड्यात बघू. समजा, ओढ्यात मासा आहे आणि एका भेटीत तो सापडायची शक्यता ६० टक्के आहे. मग एका भेटीत तो हुकण्याची शक्यता ४० टक्के. दोन स्वतंत्र भेटींत दोन्ही वेळा हुकण्याची १६ टक्के. तीन भेटींत साधारण ६ टक्के. म्हणून एका ओढ्यावर एकदा जाऊन चाळीस ओढे उरकण्यापेक्षा थोडे ओढे तीनतीनदा बघणं बरेचदा जास्त सांगून जातं. अठरा ओढ्यांचा माझा हट्ट इथेही नडला.

सापडला, आता सांगायचं कुणाला?

हा भाग कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मला मिळाला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या वर्षी एका वयस्कर दूधवाल्या शेतकऱ्याने मला त्यांच्या कुरणामागचा ओढा दाखवला. नकाशावर त्याला नाव नाही. उडी मारून पलीकडे जाता येईल इतका अरुंद. जुलैची सरासरी १३ च्या आसपास, खडी स्वच्छ आणि मोजके डोह, त्यात सगळ्या वयाचे जंगली ब्राउन ट्राउट. त्यांची एकच अट होती : हे नकाशावर टाकायचं नाही. इतक्या लहान ओढ्यात दर शनिवारी चार गळ पडले तर मोठे मासे एका उन्हाळ्यात संपतील, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हणून बसलो.

पुढे कळलं, की आमच्या निधीच्या अटीनुसार सगळा डेटा खुला करायचा आहे, अक्षांश-रेखांशासकट. एकीकडे दिलेला शब्द, एकीकडे सही केलेली अट. शिवाय त्याच ओढ्याच्या वरच्या टोकाला, एका मोरीच्या वर, आम्हाला ब्रुक ट्राउट सापडले. मोरीचा पाइप खाली लटकत असल्याने पाहुणा ब्राउन वर चढू शकत नव्हता, म्हणून घरचा मासा तिथे टिकून होता. हे संवर्धन करणाऱ्यांना कळायलाच हवं. कुणी 'माशांची वाट मोकळी करू' म्हणून ती मोरी बदलली तर ब्रुक ट्राउट संपायचे.

गाईडशी बोललो, निधीवाल्यांना विचारलं, आणि मग त्या शेतकऱ्यांकडे परत गेलो. ठरलं ते असं : प्रसिद्ध डेटात ओढ्याची जागा फक्त उपखोऱ्याच्या पातळीवर, नेमके आकडे मागणी आल्यावर आणि कारण बघून, मोरीची माहिती थेट राज्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांना. शेतकऱ्यांनी तो मसुदा स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून दोनदा वाचला, मग मान हलवली. पण खरं सांगतो, ते नाही म्हणाले असते तर मला ती साईट सोडावी लागली असती. शब्द देण्याआधी मी निधीची अट वाचायला हवी होती. तुम्ही वाचा.

तुमच्या प्रपोजलसाठी

'स्टडी एरिया' लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून बघा. माझ्या मुख्य शब्दाचा नेमका अर्थ काय? मी शोधतोय ती गोष्ट तिथे कशामुळे टिकते? नोंदी कुणाच्या आणि किती जुन्या? मी कुठल्या वेळी मोजतोय आणि त्या वेळेमुळे काय लपतंय? सापडलं नाही तर मी काय म्हणू शकतो? जागा कुणाची आहे? आणि सापडल्यावर ती जगाला सांगितली तर तिचं काय होईल?

या ओढ्यांचं पुढचं काही ठरलेलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत कून क्रीक आणि शेजारच्या खोऱ्यातली काही छोटी पूरनियंत्रक धरणं फुटली. हवेची सरासरी वाढली की भूजलाचीही हळूहळू वाढते. आज १७ अंशांवर असलेला ओढा उद्या कुठल्या वर्गात असेल, हाच तर माझा प्रबंध आहे. म्हणून आजचा आकडा नीट घेणं गरजेचं.

आणि हो, दुपारी तीन वाजता मोजा.